रोवणीचा पाऊस, मुरमाची धूळ आणि कूलरची हवा: कॅमेऱ्याचं वेदर सीलिंग किती भरवशाचं आणि बाकी काळजी कशी घ्यायची

माझ्या ७०-३०० लेन्सला बुरशी लागली ती पावसाळ्यात नाही लागली, मे महिन्यात लागली, बाहेर ४५ डिग्री ऊन आणि हवा इतकी कोरडी की ओठ फाटतात अशा दिवसांत. कारण कळायला मला वर्ष लागलं. लेन्स ज्या खोलीत कपाटात ठेवली होती त्याच खोलीत रात्रंदिवस कूलर चालायचा, आणि विदर्भातला कूलर म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको, ओल्या वूडवूलमधून आलेली हवा दोन महिने सतत त्या कपाटावर. नंतर आर्द्रतेचा छोटा मीटर आणून त्याच जागी ठेवला तर काटा ७० च्या वर, आणि साधारण ६०-६५ टक्क्यांच्या वर हवा बराच काळ राहिली की काचेवर बुरशी धरायला तेवढं पुरतं.

हे आधी यासाठी सांगतोय की कॅमेरा आणि हवामान म्हटलं की आपण सगळे पावसाबद्दलच बोलतो, कोणी नवीन बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घेतली की पहिला प्रश्न "वेदर सील आहे का", आणि आहे म्हटलं की तो बिनधास्त पावसात. पाऊस आहेच, पण आपल्याकडे वर्षातले आठ महिने त्रास देते ती धूळ, नंतर ऊन, आणि घरात येऊन बसलेली ओल. सीलिंगचा फायदा होतो, नक्की होतो, पण ते तुम्हाला वेळ मिळवून देतं, कॅमेरा झाकायला, गाडीपर्यंत पोचायला, पुसायला. त्यापलीकडची जबाबदारी आपलीच. मी साकोलीकडचा, धानाचा भाग, बाजूला नागझिरा, तेव्हा उदाहरणं बहुतेक तिकडचीच येतील.

पहिली स्टेप: आपल्या हातात नेमकं काय आहे ते बघा

वेदर सीलिंग म्हणजे बॉडीच्या सांध्यांमध्ये, बटणांखाली, डायलभोवती, बॅटरीच्या आणि कार्डच्या झाकणाला रबराच्या किंवा फोमच्या बारीक पट्ट्या लावलेल्या असतात, पाण्याला आत जायची वाट अवघड करायची म्हणून. वॉटरप्रूफ वेगळं, हे वेगळं. पाण्यात बुडवायचा कॅमेरा हा नाही.

आणि यात कंपन्यांचे शब्द फार ढिले आहेत. "डस्ट अँड मॉइश्चर रेझिस्टंट" लिहिलेलं असतं पण किती पाणी, किती वेळ, कुठल्या बाजूने, ते बहुतेक ठिकाणी लिहिलेलं नसतं. मोबाईलवर जसं आयपी रेटिंग (धूळ आणि पाणी किती अडतं ते सांगणारे आकडे) येतं तसं कॅमेऱ्यावर क्वचितच. ओएम सिस्टीमचा २०२२ चा ओएम-१ हा आयपी५३ आहे, आणि तोही तसंच रेटिंग असलेली लेन्स लावली तर. त्यातला ५ म्हणजे धूळ थोडी आत गेली तरी काम बिघडू नये इतकं संरक्षण, आणि ३ म्हणजे वरून आणि उभ्या रेषेपासून ६० डिग्रीपर्यंत तिरका येणारा फवारा सहन करणं. म्हणजे जोरदार वाऱ्यातला आडवा पाऊस यात धरलेला नाही, आणि हे रेटिंग कॅमेऱ्यांमध्ये चांगलं समजतात, यावरून अंदाज घ्या.

आपल्या भागात जास्त दिसणाऱ्या बॉड्यांचं सांगायचं तर कॅनन १५००डी, निकॉन डी३५००, डी५६०० यांना सीलिंग नाही. निकॉन डी७२००, डी७५००, डी५००, कॅनन ८०डी, ९०डी, ७डी मार्क २ यांना आहे, डी५०० आणि ७डी मार्क २ ला बऱ्यापैकी तगडं. सेकंडहँड घ्यायचं असेल आणि जंगल, पक्षी हेच करायचं असेल तर २०१४ चा ७डी मार्क २ किंवा २०१६ चा डी५०० मी आजही सांगेन, नवीन स्वस्त बॉडीपेक्षा.

लेन्सचं जास्त नीट बघावं लागतं. महाग म्हणजे सील असा हिशोब नाही. कॅननची ४०० एमएम एफ/५.६ एल, लाल पट्टीवाली, १९९३ ची, पक्षीवाल्यांची लाडकी लेन्स, तिला सीलिंग नाही. १००-४०० ची पहिली, पुढे-मागे ओढायची लेन्स, तिलाही नाही, २०१४ च्या दुसऱ्या आवृत्तीला आहे. सिग्माच्या १५०-६०० मध्ये स्पोर्ट्स पूर्ण सील आहे आणि कंटेम्पररीला मुख्यतः माउंटपाशीच, म्हणजे लेन्स बॉडीला जोडते तिथेच, रबर आहे, दिसायला नाव एकच. कॅननच्या नव्या आरएफ (मिररलेस बॉडीच्या) लेन्समध्ये १००-५०० एल सील आहे, १००-४०० नाही, आणि ६०० आणि ८०० एमएम एफ/११ वाल्याही नाहीत. कॅननच्या १७-४० एल, १६-३५ एफ/२.८ एल अशा काही जुन्या वाइड लेन्सना तर समोर फिल्टर लावल्याशिवाय सीलिंग पूर्ण होतच नाही.

स्वतः तपासायचं तर लेन्स काढा आणि मागची धातूची रिंग बघा, तिच्या बाहेरच्या कडेला रबराची पातळ कड बाहेर आलेली दिसते का, बोटाने लागते का. असेल तर माउंट तरी सील आहे. नसेल तर बॉडी कितीही भारी असो, बॉडी आणि लेन्सच्या मधून पाणी जायला रस्ता मोकळा आहे. तेच अडॅप्टरचं (एका माउंटची लेन्स दुसऱ्या बॉडीला लावायची रिंग), तेच लेन्सची पोच वाढवणाऱ्या टेलिकन्व्हर्टरचं, तेच बाहेरच्या कंपनीच्या स्वस्त बॅटरी ग्रिपचं. सील बॉडी, सील लेन्स आणि मधे बिनरबराचा अडॅप्टर असला तर तुमचा सेट सील नाही, असंच धरून चाला.

दुसरी स्टेप: निघायच्या आदल्या रात्री

बॅटरीचं झाकण उघडा, रबराच्या कडेवर केस, माती, दोरा काही आहे का बघा, एक केसही पुरतो झाकण नीट न बसायला. कार्डचं झाकण तसंच. माइकच्या आणि चार्जिंगच्या जागेवरचे रबराचे फ्लॅप अंगठ्याने दाबून बसवा, हे सगळ्यात जास्त विसरतात, लग्नाचा व्हिडिओ करून आलेल्या कॅमेऱ्याचा फ्लॅप तर अर्धवट लटकलेलाच असतो. हॉट शूला, म्हणजे वरच्या फ्लॅश लावायच्या खाचेला, प्लॅस्टिकचं झाकण लावा.

माउंटचं रबर किंचित ओल्या मायक्रोफायबरने पुसायचं, बस. त्याला व्हॅसलीन, ग्रीस, खोबरेल तेल काही लावू नका, धूळ चिकटते आणि पेट्रोलियमचं काही लावलं तर रबरसुद्धा खराब होऊ शकतं. एक गोष्ट मेळघाटात जाणाऱ्यांसाठी, डीट असलेलं डास पळवायचं क्रीम हाताला लावून लगेच कॅमेरा धरू नका, ते प्लॅस्टिक आणि रबर दोन्ही खातं. तळहात धुवून घ्या, मग कॅमेरा.

बॅगेत टाकायचं सामान: हवेचा रबरी ब्लोअर, मऊ ब्रश, दोन-तीन मायक्रोफायबर, एक जुना सुती पंचा, दोन मोठ्या जाड पारदर्शक पन्न्या, रबर बँड, आणि एक मोठी झिपवाली पिशवी.

तिसरी स्टेप: वावरात, पावसात

जुलैमध्ये रोवणी सुरू झाली की आमच्याकडे फोटोला मरण नाही, बाया रांगेत वाकलेल्या, बांधीत आभाळाचं प्रतिबिंब, पण पाऊस कधी येईल आणि किती जोरात येईल याचा भरवसा नसतो. पहिली गोष्ट कॅमेऱ्याची नाहीच. विजा चमकायला लागल्या की ट्रायपॉड उचलायचा आणि धुऱ्यावरून निघायचं, झाडाखाली नाही, पक्क्या घरात किंवा गाडीत. उघड्या बांधीत उभा माणूस आणि त्याच्या हातात धातूचा ट्रायपॉड, फोटो राहू द्या.

साधा पाऊस असेल तर पन्नीचं कव्हर. पन्नीच्या बंद टोकाला हूडच्या (लेन्सच्या तोंडाला लावायच्या नळकांड्याच्या) तोंडापेक्षा थोडं लहान भोक पाडायचं, हूड त्यातून काढायचा, वरून रबर बँड. उघडं टोक मागे आणि खाली, तिथून दोन्ही हात आत. खालचं टोक बांधू नका, आत हाताची ऊब आणि ओल कोंडते आणि थोड्या वेळाने कॅमेराच घामेजतो. हूड उलटा लावून फिरायची सवय मात्र सोडा, समोरच्या काचेवर थेंब न येऊ द्यायला हूडइतकं कामाचं दुसरं काही नाही, आणि तो लेन्ससोबतच मिळतो (कॅननच्या साध्या लेन्ससोबत मिळत नाही, वेगळा घ्यावा लागतो, घ्या).

लेन्सचं तोंड खाली करून चालायचं. दर पाच-दहा मिनिटांनी सुती पंच्याने वरचं पाणी टिपायचं, घासायचं नाही, टिपायचं, कारण पाणी बटणांपाशी साचून राहिलं की मग आत शिरतं. झूम लांब होणारी लेन्स असेल तर पुढे आलेली नळी ओली असताना तशीच मागे ओढू नका, आधी नळी पुसा मग आत घ्या, नाहीतर ते पाणी आपण स्वतः आत ओढून घेतो. लेन्स बदलायची नाही, बॅटरी बदलायची नाही, आणि बदलावीच लागली तर कुणाच्या ओसरीत जाऊन आधी माउंटच्या भोवती कोरडं करून मग.

चिखल उडाला तर वाळू द्या. ओला चिखल पुसायला गेलं की सगळीकडे पसरतो आणि झाकणाच्या फटीत जातो.

माझी बिनसीलची बॉडी अशीच रोवणीत बिघडली होती, तीही पाऊस थांबल्यावर. पाऊस असेपर्यंत मी जपलं, थांबला आणि मी पन्नी काढली, ओल्या हाताने झाकण उघडून कार्ड बदललं, एक थेंब आत. तेव्हापासून पाऊस थांबला तरी हात कोरडे केल्याशिवाय मी झाकणाला हात लावत नाही.

चौथी स्टेप: धूळ, आणि ही स्टेप सगळ्यात मोठी आहे

ताडोब्यात, उमरेड-कऱ्हांडल्यात, टिपेश्वरला एप्रिल-मेमध्ये गेलेल्यांना माहीत आहे, समोरच्या जिप्सीची धूळ आपल्या तोंडावर, वाघ दिसला की आठ-दहा गाड्या एकदम पळतात आणि मग काहीच दिसत नाही. ती मुरमाची धूळ मऊ नसते, त्यात कठीण कण असतात, काचेपेक्षाही कठीण, म्हणून कोरड्या रुमालाने लेन्स पुसली की कोटिंगवर ओरखडे. शर्टाच्या टोकाने पुसणारे तर मी रोज बघतो आणि जीव कळवळतो.

धुळीच्या बाबतीत लेन्स आतून झूम होणारी आहे की बाहेर लांब होणारी, याने खूप फरक पडतो. बाहेर लांब होणारी लेन्स प्रत्येक झूमला आत हवा ओढते आणि बाहेर टाकते, सायकलच्या पंपासारखी, आणि हवेसोबत बारीक धूळ. सोनी २००-६००, निकॉन झेड १८०-६०० या आतून झूम होतात, त्यांची लांबी बदलत नाही, त्यामुळे धुळीच्या भागात बऱ्या. तुमच्याकडे लांब होणारी असेल (बहुतेकांकडे तीच असते) तर गाडी पळत असताना झूम पूर्ण आत घेऊन ठेवा, लॉक असेल तर लॉक करा, आणि वरून मोठ्या उशीची खोळ घाला. उशीची खोळ हे मला एका जिप्सीवाल्या दादाने शिकवलं, कॅमेरा लेन्ससकट आत, मांडीवर, प्राणी दिसला की ओढून बाहेर, एका सेकंदाचं काम. दुपट्टा टाकला तरी चालतो पण वाऱ्याने उडतो.

जिप्सीत लेन्स बदलू नका. कितीही वाटलं तरी नको. दोन लेन्स लागणारच असतील तर दुसरी बॉडी, जुनी साधी का असेना, तिच्यावर छोटी लेन्स लावून ठेवा. आणि अगदीच वेळ आली तर गाडी थांबलेली, कॅमेरा बंद, पाठ वाऱ्याकडे, बॉडीचं तोंड खाली, दुसरी लेन्स झाकण सैल करून तयार, आणि पाच सेकंदांत काम संपलं पाहिजे.

पुसायचा क्रम पाठ करून ठेवा. आधी ब्लोअर, लेन्स खाली तोंड करून. मग मऊ ब्रश, अगदी हलका. परत ब्लोअर. आणि तरी डाग राहिला तरच कापडावर लेन्स क्लीनरचा एक थेंब घेऊन मधून बाहेर गोल. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. आणि पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारायची पद्धत आपल्याकडे फार आहे, मोटरसायकलचं एअर फिल्टर साफ होतं म्हणून कॅमेराही होईल असं वाटतं, पण त्या हवेत तेल आणि पाणी असतं आणि जोर इतका असतो की बाहेर बसलेली धूळ रबराच्या पट्टीच्या आत जाते. सीलिंग असलेल्या कॅमेऱ्यातसुद्धा.

धूळ जंगलातच असते असंही नाही. ऑक्टोबरात सोयाबीनच्या थ्रेशरपाशी, चंद्रपूर-वणीकडे कोळशाची काळी भुकटी, जिनिंगमध्ये रुईचे तंतू. रुई तर झूम रिंगच्या फटीत अडकून बसते, ती चिमट्याने काढायची, ब्लोअरने आत ढकलायची नाही. लोणारला सरोवराच्या काठाला खाली बसून फोटो काढत असाल तर ते पाणी खारं आणि क्षारी आहे, उडालं तर साध्या स्वच्छ पाण्याने ओलं केलेल्या कापडाने पुसून मग कोरडं करा, नुसतं वाळू दिलं तर क्षार रबरावर आणि स्क्रूवर बसतात. उन्हाळ्यातल्या आपल्या घामालाही तोच नियम.

पाचवी स्टेप: एसीतून बाहेर येताना

जुलैमध्ये बफरची (जंगलाच्या बाहेरच्या पट्ट्यातली) सफारी, रात्री रिसॉर्टच्या खोलीत एसी २२ वर, पहाटे बाहेर आलात तर २७ डिग्री आणि ९० टक्के आर्द्रता. अशा हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाखालच्या वस्तूवर दव धरतं ते) २५ च्या आसपास, आणि तुमची लेन्स २२ वर, म्हणजे बाहेर आल्या आल्या तिच्यावर दव धरणारच, समोरच्या काचेवर दिसतं आणि आतल्या काचांवर आणि सर्किटवर दिसत नाही. याला सीलिंगचा उपयोग नाही, कारण ओली हवा आत आधीच असू शकते.

उपाय बिनखर्चाचा आहे. रात्री कॅमेरा एसीच्या खोलीत ठेवूच नका, बाथरूममध्ये तर नाहीच, एसी नसलेली कोरडी जागा बघा. नाहीतर खोलीतच झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा, बाहेर आणल्यावर अर्धा-पाऊण तास पिशवी उघडू नका, दव पिशवीच्या बाहेरून धरतं. कार्ड, बॅटरी आधीच घालून ठेवा म्हणजे उघडायची गरज पडत नाही.

मे महिन्यात हे होत नाही हेही लक्षात घ्या. ४४ डिग्री आणि १५ टक्के आर्द्रता असली की दवबिंदू १२ च्या आसपास असतो, एसीतली लेन्स त्याच्यापेक्षा गरमच असते, म्हणून उगीच घाबरायला नको. मेमध्ये काळजी उन्हाची. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तकात वापरायचं तापमान ४० डिग्रीपर्यंत लिहिलेलं असतं आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरी नवतपात ते सहज ओलांडतात. सावलीत ठेवा, पांढरं कोरडं कापड टाका, ओला दुपट्टा गुंडाळू नका. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच नाही, बॅटरी फुगते, रबर कडक होतं आणि कडक झालेलं रबर पुढच्या पावसाळ्यात पाणी अडवत नाही. पाच-सात वर्षं आपल्या उन्हात वापरलेल्या बॉडीचं सीलिंग नव्यासारखं असेल असं समजू नका, सेकंडहँड घेताना तर अजिबात नाही.

सहावी स्टेप: पाणी गेलंच तर

लगेच बंद करा, चालू होतो का बघायचा मोह आवरा, कारण कॅमेरा बऱ्याचदा पाण्याने नाही तर ओला असताना दिलेल्या करंटने मरतो. बाहेरून पुसा, मग बॅटरी काढा, मग कार्ड. कोरड्या खोलीत लेन्स वेगळी करा, फ्लॅप सगळे उघडे, पंख्याखाली सुती कापडावर एक-दोन दिवस, नंतर सिलिका जेलच्या (ओल ओढणाऱ्या दाण्यांच्या) डब्यात. उन्हात नको, हेअर ड्रायर नको. तांदळात ठेवू नका, आमचा धानाचाच भाग आहे तरी सांगतो, तांदूळ ओल फारशी ओढत नाही आणि त्याची भुकटी माउंटमध्ये जाते. तलावात, नाल्यात पूर्ण पडला असेल तर हे सगळं सोडून बॅटरी काढून सरळ दुरुस्तीला, जितका उशीर तितका गंज. वॉरंटीत बसेल ही आशा ठेवू नका, सीलिंग असलेल्या कॅमेऱ्यातही पाण्याचं नुकसान सहसा वॉरंटीत धरत नाहीत, हवा तर वेगळा विमा काढा.

सातवी स्टेप: घरी ठेवायचं कसं

रोज घरी आल्यावर बॅग उघडून सगळं बाहेर काढा. ओल्या बॅगेत रात्रभर कॅमेरा राहिला तर दिवसभराची मेहनत गेली. लेदरच्या केसमध्ये ठेवणं बंद, लेदर ओल धरतं.

ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं विजेवरचं कपाट) घेता आलं तर छानच, नाहीतर स्वयंपाकघरातला हवाबंद झाकणाचा मोठा डबा, झाकणाला रबर असलेला, दहा लिटरच्या डब्यात पाव किलो सिलिका जेल आणि आत आर्द्रतेचा छोटा मीटर. काटा ४० ते ५० मध्ये हवा. फार दिवस ३० च्या खाली गेला तर लेन्समधलं वंगण आणि रबर सुकायची भीती, जेल कमी करा. केशरी जेल घ्या, ओल पिऊन हिरवं झालं की कढईत मंद आचेवर हलवत परत केशरी होईपर्यंत गरम करा. निळं जेल गुलाबी होतं, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, विषारी आहे, ते घरच्या जेवणाच्या भांड्यात करू नका. केशरीसाठीही मी वेगळी जुनी कढई ठेवली आहे.

महिन्यातून एकदा लेन्स काढून अपर्चर (लेन्समधलं लहान-मोठं होणारं भोक) पूर्ण उघडं ठेवून एका बाजूने मोबाईलचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे दिसले तर ती बुरशी. लवकर सापडली तर साफ होते, उशीर झाला तर ती कोटिंग खाते आणि खूण कायमची राहते. ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी काढा आणि स्वतः खोलू नका. माझी ७०-३०० नागपूरला एका दुरुस्तीवाल्याकडे दिली तेव्हा आतली एक काच तशीच राहिली, उन्हाकडे तोंड करून फोटो काढला की आजही त्यात धुकं येतं.

डबा आता कूलरच्या खोलीत नसतो, मागच्या धान्याच्या खोलीत वरच्या फळीवर असतो, आणि मेमध्येही मी दर रविवारी मीटर बघतो.